टेकायचा तक्या, शिजवायचा तकिया

तक्या म्हटले की मराठी माणसाला बैठक दिसते. भिंतीलगत गाद्या, त्यांवर धुवट चादरी, कडेला लोड आणि मधोमध तक्या. त्यावर कोपर रोवून बसलेला कोणी सावकार, कोणी गवई, नाहीतर मुलाकडचा व्याही. उशीपेक्षा याचा दर्जा वरचा. उशी संस्कृत ‘उच्छीर्षका’पासून प्राकृत ‘उस्सीस’मार्गे घरंगळत आली असावी आणि झोपण्यापुरतीच राहिली, तक्याला मात्र दरबार ठाऊक. पण सुदानात, खार्तूमच्या किंवा ओमदुरमानच्या एखाद्या गल्लीत ‘तकिया कुठे आहे?’ म्हणून विचारले, तर कोणी लोड पुढे करणार नाही. दाखवतील ती चुलवणावरची हातभर खोल पातेली, त्यांत रटरटणारी मसूर, आणि झाकणाचे डबे नाहीतर प्लॅस्टिकच्या बादल्या घेऊन रांगेत उभी असलेली पोरे. सुदानी अरबीत ‘तकिया’, अनेकवचनी ‘तकाया’, म्हणजे भुकेल्यांसाठी चालवलेले गल्लीतले स्वयंपाकघर.

१५ एप्रिल २०२३ रोजी तिथे लष्कर आणि एक निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा रमजान संपायला आठवडाभर उरला होता. सरकारी यंत्रणा कोलमडली आणि मोहल्ल्यांतल्या तरुणांनी ‘गुरफ अत्-तवारी’, म्हणजे आणीबाणीच्या खोल्या, उघडल्या. जाता जाता एक गंमत, तीही कडवट: ज्या दलाने शहर लुटले त्याचे अधिकृत नाव ‘कुव्वात अद्-दअम अस्-सरीअ’. यातल्या ‘दअम’चा अर्थ आधार, टेकू. ‘दिआमा’ म्हणजे खांब. तेव्हा टेकू नावातच असलेले सैन्य एका बाजूला, आणि मुळात टेकू असाच अर्थ असलेला तकिया दुसऱ्या बाजूला.

कारण तकियाचे मूळ तेच आहे. अरबी धातू व-क-अ, शेवटचा अ हमजाचा. ‘इत्तकअ’ म्हणजे तो रेलला, टेकून बसला. ‘तुकअ’ म्हणजे ज्यावर रेलावे ती वस्तू. धातूच्या आरंभीचा व कुठे गेला, असे वाचक विचारील. अरबीत आरंभीच्या वचा त होण्याची खोड जुनी आहे आणि तिचा पुरावा आपल्या घरात सापडतो. ‘वहीम’ आणि ‘तोहमत’ हे दोन्ही शब्द मराठीने घेतले. पहिला संशय, दुसरा आळ. दोन्ही एकाच व-ह-म धातूचे, एकात व शाबूत, दुसऱ्यात त्याचा त. तुकअ फारसीत जाऊन ‘तक्य:’ झाला आणि तिथून आपल्याकडे तक्या, असा मार्ग दिसतो. मराठीतले ‘टेकणे’ आणि हा तक्या यांचे सूत जुळवावे असा मोह होतो, तुर्की ‘तेक्के’ ऐकल्यावर तर फारच. पण तो योगायोग असावा. टेकणे आपल्या देशी गोतावळ्यातले, त्याचा अरबी हमजाशी संबंध नाही.

रेलण्याचा आणि जेवणाचा संबंध मात्र जुना आहे. कुराणातल्या यूसुफच्या सूऱ्यात अजीजची, म्हणजे मिसरच्या सरदाराची, बायको शहरातल्या टवाळ बायकांना बोलावते आणि त्यांच्यासाठी ‘मुत्तकअ’ मांडते, म्हणजे टेकून बसायची सोय करते. मग प्रत्येकीच्या हातात सुरी देते. टीकाकार इथे अडले. उशा मांडल्या तर सुऱ्या कशाला? म्हणून काहींनी मुत्तकअचा अर्थ सरळ ‘मेजवानी’ असा केला, कारण त्या काळी रेलूनच जेवत. काहींनी तर शब्दच वेगळा वाचला: हमजा गाळून ‘मुत्क’, आणि त्याचा अर्थ म्हाळुंग. सुरीने म्हाळुंगच कापायचे, प्रश्न मिटला! मला पहिला मार्ग जास्त पटतो. म्हाळुंगवाले हुशार खरे, पण शब्दाला जरा जास्तच पिळतात. तेव्हा याच धातूच्या एका शब्दावर उशी आणि अन्न यांचा घोळ कुराणाच्या टीकाकारांनी हजार वर्षांपूर्वीच घातलेला आहे. पुढे जे झाले त्याला पूर्वखूण होती म्हणायची.

पुढे झाले ते असे. फारसीत तक्या वस्तूवरून जागेवर सरकला. फकीर जिथे पाठ टेकतो ते ठिकाणही तक्या. इराणात ‘तकिये’ मुहर्रमच्या ताजियानाट्यांसाठी राखले गेले. तेहरानचे तकिये-दौलत त्यांतले सर्वांत भपकेबाज. तुर्कांनी ‘तेक्के’ केले आणि दरवेशांच्या मठाला ते नाव दिले; १९२५ साली तुर्कस्तानच्या प्रजासत्ताकाने सगळे तेक्के कायद्याने बंद केले. हिंदुस्थानातही फकिराची झोपडी, तिच्या शेजारची चारदोन थडगी आणि एखादे चिंचेचे झाड मिळून तकिया होतो. नागपुरात मोमिनपुऱ्यात तकिया दिवानशाह आहे. जुन्या मराठी कोशांत लोड आणि फकिराचे ठाणे असे दोन्ही अर्थ आढळतात. उर्दूने त्याहून पुढे जाऊन ‘तकियाकलाम’ बनवला: बोलताना अडले की माणूस ज्या शब्दावर रेलतो तो. ‘म्हणजे काय की’ म्हणणाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये.

पण ठिकाणाचे पातेले कसे झाले? इथे ‘लंगर’ मदतीला येतो. फारसीत लंगर म्हणजे जहाजाचा नांगर. जहाज थांबवणारी वस्तू, मग फकीर थांबतो ती जागा, मग त्या जागी आल्यागेल्याला मिळणारे अन्न. तक्याचा प्रवास असाच: पाठ थांबवणारी वस्तू, फकिराचा मुक्काम, अन्न. मुक्काम आणि जेवण यांची फारकत सूफींनी कधी केलीच नसावी. दारी आलेल्याला विचारपूस करण्याआधी वाढायचे, ही तिथली रीत. लंगरची आणखी एक गाठ सुटत नाही. मराठीत शेतातला नांगर संस्कृत ‘लाङ्गला’चा, हे ठीक, पण गलबताचा नांगर फारसी लंगरवरून आला आणि शेतातल्या नांगराच्या रूपात मिसळून गेला, की फारसी लंगरच मुळात लाङ्गलाचा वंशज, यावर पैज लावायला मी तयार नाही.

लंगर दुष्काळातला शब्द म्हणून आपल्या उंबरठ्यावर एकदा ठळकपणे येऊन गेला आहे. १६३०–३२ च्या दुष्काळात शाहजहान बुऱ्हाणपुरात होता. त्याच्या बादशाहनाम्यात अन्नदानगृहांसाठी हिंदी लोक लंगर म्हणतात असा खुलासा आहे आणि बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटल्याची नोंद आहे. सोमवारच का? तो त्याच्या राज्यारोहणाचा वार. भुकेला वार नसतो, पण दरबारी दानाला असतो.

उस्मानी तुर्कांकडे अन्नदानगृहाला आणखी एक नाव होते, ते वाचून मराठी वाचक नक्की थबकेल: ‘इमारेत’. आपली इमारत! धातू अ-म-र, वसणे, वसवणे, भरभराटीला आणणे. ‘उमर’ही त्याच कुटुंबातली. आपल्याकडे इमारत दगडविटांची झाली आणि तिथेच थांबली. तुर्कांकडे ती मशिदीशेजारच्या रस्सा-भाताची झाली. जेरुसलेममध्ये १५५२ साली सुलतान सुलेमानच्या पत्नीने, हुर्रेम हिने, असे एक इमारेत उभारले. अरबीत त्याला ‘तिकियत खासकी सुलतान’ म्हणतात आणि तिथून अजूनही अन्न वाटले जाते. तिच्या वक्फनाम्यात सकाळ-संध्याकाळचे रोजचे पातळ सूप ठरवून दिले होते. पण शुक्रवारी आणि रमजानच्या रात्री मात्र बकऱ्याच्या मांसाचा भात आणि ‘झेर्दे’, म्हणजे केशरी गोड भात. झेर्दे म्हणजे फारसी ‘झर्द’, पिवळा. हैदराबादी लग्नातला ‘जर्दा’ खाल्लेल्याला हे नवीन नाही. पानवाल्याच्या डबीतला जर्दाही त्याच पिवळ्याचा, हे सांगितल्यावर केशरी भाताची चव थोडी बिघडते.

जेरुसलेमच्या दक्षिणेला हेब्रॉन. अरबी नाव अल्-खलील, ‘मित्र’. इब्राहीम हा ईश्वराचा मित्र म्हणून. फारसी प्रवासी नासिर खुस्रौ इ.स. १०४७ मध्ये तिथे गेला तेव्हा येणाऱ्या प्रत्येकाला एक गोल भाकरी, ऑलिव्हच्या तेलातली मसूर आणि मनुका मिळत. याला तेव्हा ‘सिमात’ म्हणत, इब्राहीमचे पान मांडणे. आज तिथे ‘तिकियत इब्राहीम’ चालते. रमजानात मांस, एरवी ‘जरीशा’, भरडलेल्या गव्हाचे दाट सूप. तिथले खातेपिते लोकही रमजानात आपले भांडे भरून नेतात, बरकत म्हणून. मला ही बाब फार महत्त्वाची वाटते. रांगेत उभा राहिलेला गरीबच असेल असे कोणी खात्रीने म्हणू शकत नाही, त्यामुळे रांगेतल्या गरिबाचीही मान खाली जात नाही. यजमान इब्राहीम, बाकी सगळे पाहुणे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर गाझात छावण्यांच्या बाजूला तिकिया, म्हणजे तकियाच, उभे राहिले. २०२५ चा रमजान १ मार्चला लागला आणि दुसऱ्याच दिवशी इस्रायलने मदतीचे ट्रक अडवले. २५ एप्रिलला जागतिक अन्न कार्यक्रमाने आपल्याकडचा शेवटचा साठा या स्वयंपाकघरांना देऊन टाकल्याचे जाहीर केले. शब्द शिल्लक राहिला, मसूर संपली.

सुदानात शब्द बहुधा तुर्क-मिसरी राजवटीबरोबर (१८२१–१८८५) पोचला असावा. तिथे तो सूफी शेखांच्या अंगणात रुजला. या अंगणात आणखी एक संस्था असते, तिचे नाव ‘खलवा’: कुराण शिकणाऱ्या मुलांचे निवासी विद्यालय. धातू ख-ल-व, रिकामे असणे, एकांत. सूफीच्या एकांताची खोली वाढत वाढत पोरांनी गजबजली, आणि नाव एकांताचेच राहिले! मराठीत हाच शब्द ‘खलबत’ होऊन बसला आहे. रायगडावरचा खलबतखाना एकांतातल्या मसलतीसाठी; सुदानचा खलवा दूरदूरच्या, पुष्कळदा पोरक्या, मुलांना राहायला आणि ज्वारीच्या पिठाची ‘असीदा’ खायला. असीदा म्हणजे उकडपेंडीची घट्ट बहीण असे म्हणता येईल.

मुले आली तर ‘यतीम’ टाळता येत नाही. धातू य-त-म, एकटे पडणे. ‘दुर्र यतीम’ म्हणजे जोडी नसलेला, म्हणून अमोल, मोती. अरबी कोशकार इथे फार काटेकोर आहेत. माणसात यतीम तो, ज्याचा बाप वयात येण्यापूर्वी गेला. पशूत यतीम ते, ज्याची आई गेली. आई गेलेले मूल ‘अजी’, दोन्ही गेलेले ‘लतीम’. आपल्या ‘अनाथा’त नाथ कोण ते मोघम ठेवले आहे, आणि ‘पोरका’ तर बहुधा पोर शब्दालाच चिकटलेला असावा. इंग्रजांचा ‘ऑर्फन’ ग्रीक ‘ऑर्फानोस’चा, आणि तुलनाकार त्याला वैदिक ‘अर्भ’, म्हणजे लहान, दुबळा, याचा भाऊ मानतात. तसे असेल तर अर्भक आणि ऑर्फन एकाच घरचे.

यतीमाला आधार देणे म्हणजे ‘कफाला’. इस्लामी कायद्यात दत्तक घेऊन मुलाचे कुळ बदलता येत नाही, पण त्याचा भार उचलता येतो, तो कफाला. मरियमचा सांभाळ जकरियाकडे सोपवला हे सांगताना कुराणात याच क-फ-ल धातूचे क्रियापद येते. यतीमाचा कफील आणि मी स्वर्गात दोन बोटांसारखे शेजारी असू, या आशयाचे पैगंबरांचे वचन प्रसिद्ध आहे. ते स्वतः जन्माआधीच पितृहीन झालेले. रत्नागिरी-रायगडकडच्या घरांत मात्र ‘कफील’ हा शब्द वेगळ्या वाटेने आला. सौदी नाहीतर कुवेतला गेलेला माणूस पासपोर्ट ज्याच्या ताब्यात देतो तो कफील. ‘कफील चांगला मिळाला’ या वाक्यात कोकणातल्या कुटुंबाचे अर्धे नशीब असते. अनाथाचा पालक आणि मजुराचा मालक एकाच नावाने! भार उचलणे आणि मुठीत ठेवणे यांतले अंतर कागदावर फारसे नसते असे दिसते.

खार्तूमच्या मैगोमा अनाथालयात तर यतीम हा शब्दही पुरला नसता. तिथली बहुतेक मुले टाकून दिलेली, म्हणजे ‘लकीत’, वाटेवरून उचललेली. युद्धाच्या पहिल्या काही आठवड्यांत तिथे कित्येक तान्ही मुले दगावली. जून २०२३ मध्ये उरलेली सुमारे तीनशे वद मदनीला हलवली गेली. कोशातले बारीक भेद अशा वेळी नुसते विद्वत्तेचे राहत नाहीत: यतीमाच्या नावाने दिलेले दान लकीताला लागू पडते का, यावर खरोखरच फतवे निघालेले आहेत, आणि पुष्कळ फतव्यांनी होकार दिला आहे.

दानाच्या शब्दांपैकी ‘जकात’ आपल्याकडे कशी घसरली ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण का घसरली ते कमी जणांना. मूळ अर्थ शुद्धी, वाढ. शिल्लक संपत्तीचा चाळिसावा भाग, तो अनेक जण रमजानात काढतात आणि त्यातून शिधा, यतीमांचा खर्च भागतो. पण व्यापाऱ्याच्या मालावरची जकात राज्याचा अधिकारी वाटेवरच्या चौकीत वसूल करी. चौकी राहिली, शुद्धी गेली. शिवाजी महाराजांच्या १६७१ च्या पत्रात बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितले आहे, ती शुद्ध व्यापारी जकात. आणि मुंबईत जकात नाके उठले ते १ जुलै २०१७ ला. ‘फित्रा’चे उलटे. तो ईदच्या नमाजाआधी माणशी एक ‘साअ’ धान्य, साधारण अडीच-तीन किलो. इफ्तारचा भाऊ, धातू फ-त-र, फोडणे, उपास सोडणे. त्याला ‘फितुरा’शी जोडायचा मोह मात्र आवरावा. फितुरातला त साधा, फित्र्यातला जड तोय. देवनागरीने दोन्ही त एकाच खुंटीला टांगल्यामुळे रोजा सोडणारा आणि किल्ल्याचा दरवाजा उघडणारा शेजारी दिसतात, एवढेच.

‘तकवा’चीही अशीच फसगत. अंगात तकवा नाही म्हणताना तकिया आठवतो, पण हा तकवा बहुधा क-व-य धातूचा, बळ देणे. त्याचा सख्खा भाऊ आपली ‘तगाई’, फारसी ‘तकावी’: दुष्काळात शेतकऱ्याला बी-बैलांसाठी सरकार देई ते कर्ज. मिसर आणि सुदानात ‘तकावी’ म्हणजे चक्क पेरणीचे बियाणे! बळ, कर्ज, बी. तीन देशांत शब्द फिरला, पण शेत सोडले नाही. सुदानात तकावी मिळेना, पेरण्या बुडाल्या, आणि तकायांपुढच्या रांगा लांबल्या.

१ ऑगस्ट २०२४ रोजी दारफुरमधल्या जमजम छावणीत दुष्काळ जाहीर झाला. शेजारच्या वेढलेल्या अल्-फाशेरमध्ये लोक ‘अंबाज’ खाऊ लागले. अंबाज म्हणजे तेल काढून उरलेली शेंगदाण्याची पेंड, जनावरांचा खुराक; तकियाच्या पातेल्यातही तीच शिजू लागली. २०२५ च्या आरंभी अमेरिकेने मदत रोखली तेव्हा शेकडो तकाया बंद पडले, रमजान तोंडावर असताना. एरवी सुदानी रमजान म्हणजे संध्याकाळी रस्त्यावर चटया टाकून, जाणारी मोटार अडवून, प्रवाशांना उतरवून इफ्तारला बसवायचे. सोबत ‘हुलू-मूर’, ज्वारीचे कडूगोड पेय. हुलू म्हणजे गोड, आपल्या हलव्याचाच. जगले ते तकाया वर्गणीवर आणि ‘नफीर’वर. नफीर म्हणजे गावाने एकत्र यायची हाक. आपली नफेरी, ते कर्ण्यासारखे वाद्य, त्याच हाकेचे. ‘नफर’ आणि ‘नफरत’ही याच न-फ-र धातूतून निघालेले. बिथरून पळणे आणि धावून येणे एका धातूत कसे, हे कोडे वाचकावर सोपवतो.

मदतसंस्थांच्या अरबी तक्त्यात रांगेतल्या माणसाला ‘मुस्तफीद’ म्हणतात, फायदा घेणारा. मराठी सरकारी कागदात तो ‘लाभार्थी’. दोन्ही शब्द एकाच साहेबी साच्यातून काढलेले दिसतात. तकियाकडे जाणाऱ्याला सुदानीत असा शब्द नसावा. तो तकियाला ‘गेला’, इतकेच. तरुणांनी आपल्या खोल्यांना ‘आणीबाणी’चे नवे नाव दिले, पण चुलीला मात्र शेखांचे जुनेच नाव ठेवले, यात मला त्यांची चांगली समज दिसते.

मग मराठीत तक्याला हा अर्थ का फुटला नाही? रेलण्याचे शब्द आपल्याकडे सत्तेच्या कामी लागले हे खरे. स-न-द धातूही रेलण्याचाच, त्यातून सनद आणि मसनद. तक्या त्यांच्याच पंगतीला बसला. पण खरे कारण साधे असावे. दख्खनच्या उरुसात अन्नाला लंगर होता, देवळांत अन्नछत्र. हे छत्रही मुळात ‘सत्र’, म्हणजे दीर्घ यज्ञ; अन्नसत्राचे छत्र लोकांनी केले. जागा भरलेली होती. लंगर हा शब्द नाईलच्या खोऱ्यात पोचला नसावा, म्हणून तिथे ते काम तकियाकडे आले. तरीही एक शंका उरते. निजामशाही-आदिलशाहीच्या इनामी कागदांत तकियाच्या नावे जमिनी दिल्या गेल्या असतील तर फकिराच्या पोटापुरतेच धान्य लिहिले होते, की येणाऱ्याजाणाऱ्यांच्याही? कोणाकडे असा एखादा मोडी कागद असेल, तर त्यातली धान्याची ओळ आधी वाचून पाहावी.